बेटावर न्यायच्या तीन मिरच्या



परवा पुतण्या आला होता. नंदनवनातल्या घराच्या गच्चीवर रात्री पडल्या पडल्या म्हणे, "मोठेबाबा, समजा तुम्हाले एकट्याले समुद्रातल्या बेटावर सोडून देलं. माती चांगली, पाणी गोडं, पण माणूस नाही. मिरचीचे तीनच वाण न्यायचे. कोणते न्याल?"

पोरगं गमतीनं बोललं, पण माझी झोप गेली. दुसऱ्या दिवशी पारावर विचारलं तर सगळ्यांनी हायब्रीडची नावं घेतली. उत्पन्नाच्या बाबतीत ते चूक नाहीत. कुहीकडच्या शेतात मीही हायब्रीडच लावतो, पोरीच्या लग्नाचं कर्ज त्यावरच फिटलं. पण बेटावर कृषी केंद्र कुठून येणार? हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की एक झाड आजीवर जातं, एक आजोबावर. म्हणून पहिल्याच फेरीत सगळे हायब्रीड बाद. जे बी घरी धरता येतं तेच न्यायचं.

तेजा बाद. गुंटूरकडची ती मिरची व्यापाऱ्याला आवडते, सरळ वाण आहे, बीही धरता येतं. पण तिखट इतकं की रोज एकट्यानं खायची म्हटलं तर बेटावर पोटाचा डॉक्टरही लागेल. ब्याडगीवर आमच्या घरात थोडा वाद झाला. रंगाला तोड नाही, असं मी म्हणलं. बायको म्हणाली, "रस्सा लाल होईल जी, पण घाम कोणाचा निघेल?" सावजी खाल्लेल्या माणसाला यावर उत्तर नाही.

ज्वाला घेतली. दिल्लीच्या पुसा संस्थेचा जुना सरळ वाण. वाकडीतिकडी, पोपटी, ठेच्याला आणि फोडणीला रोज लागणारी. दुसरी लवंगी. आमच्या विहिरीजवळ एक झाड तिसऱ्या वर्षाला लागलं आहे. खालून छाटलं की पावसाळ्यात परत फुटतं. मिरची हे खरं तर एका वर्षाचं झाडच नाही, आपण ते उपटून एका वर्षाचं करतो. बेटावर दरवर्षी रोप टाकायची घाई नाही, तिथे लवंगी कामाची.

तिसरी भिवापुरी. नाव पहिलंच आठवलं होतं, पण सांगायला जीभ अडली. कारण ती माझ्याकडे आता नीट उरलेली नाही.

आमच्या आईचं बी राखेत घोळून गाडग्यात असायचं. नोव्हेंबरापासून लाल तोडा सुरू झाला की ती वावरात फिरून चांगल्या झाडांना चिंधी बांधायची. ज्याला चुरडा-मुरडा नाही, मिरची एकसारखी, ते झाड. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची पूर्ण लाल मिरची बियाण्याला. बाकीची सातऱ्यावर वाळायची, देठं खुडायला बाया यायच्या. ते तिखट वर्षभर डब्यात लालच राहायचं, काळं पडायचं नाही. पुढे हिरव्या मिरचीला भाव आला, आम्ही हायब्रीडकडे वळलो. आई गेली. गाडगं माळ्यावर राहिलं. चार वर्षांनी काढलं तेव्हा बी उगवलंच नाही. मिरचीचं बी साध्या खोलीत दोन-तीन वर्षांच्या वर भरवशाचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी ठेवलं.

मग भिवापूर तालुक्यातल्या आतेबहिणीकडून पावशेर बी आणलं. भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, म्हणून हुरूपही होता. पण मी ते लावलं कुठे, तर कुहीच्या वावरात, हायब्रीडच्या तासाला लागून! मिरचीचं फूल बरंचसं आपल्याच परागावर फळतं, हे खरं. पण मधमाशी काही बांध पाहत नाही. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या मिरचीपासून 200 मीटर आणि पायाभूतला 400 मीटर अंतर ठेवायला सांगतात ते उगाच नाही. पुढच्या वर्षी त्या बियाचं कुठे लांब फळ आलं, कुठे फिकं, कुठे नुसतं गोडं. सगळं उपटलं. आतेबहीणही आता मिरची लावत नाही, कपाशी लावते.

पहिल्या पावशेरातली एक पुरचुंडी तेवढी वाचली. तीन वर्षं झाली तिला. गेल्या आठवड्यात शंभर दाणे मोजून ओल्या कापडात बांधले, कापड सुकू दिलं नाही. बाराव्या दिवशी मोजले तर 31 उगवले होते. माझ्याकडची भिवापुरी म्हणजे एवढीच.

खरबी रोडकडे आमचा पाऊण एकराचा तुकडा आहे. चारी बाजूंनी लेआऊट पडले, ट्रॅक्टर न्यायलाही प्लॉटवाल्यांना विचारावं लागतं. मी त्याच्या नावानं रडतच असायचो. पुतण्याच्या बेटावरून डोक्यात आलं, जवळपास मिरचीचं एकही वावर नसलेली माझ्याकडे एवढीच जागा आहे. औंदा पुरचुंडी तिथेच.

तरी पाहणी केली, तर आजूबाजूच्या घरांत कुंड्यांमध्ये अकरा मिरच्या निघाल्या! लोकांना कुंड्या हलवा कसं म्हणणार? म्हणून बियाण्याच्या वीस झाडांवर बांबू रोवून मच्छरदानी लावणार. फूल येण्याआधी लावायची, खाली मातीनं दाबायची, फळं धरली की त्या फळांना दोरा बांधून मगच काढायची. आत वारा खेळतो, रोज सकाळी झाड हलकेच हलवलं की काम होतं. फुलकिडे मात्र जाळीतून आत जातात, तेवढं पानं उलटून पाहत राहावं लागतं.

विकताना मी तिला भिवापुरी म्हणणार नाही, मानांकन ठरलेल्या भागाचं असतं आणि माझा तुकडा नागपूरच्या कुशीत आहे. आपलं जुनं बी धरायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क मात्र 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आहे.

मिरगात गादीवाफा टाकतो आहे. उगवण कमी म्हणून तिप्पट दाट. भिवापूर, उमरेड, कुहीकडच्या कोणाच्या घरी जुन्या भिवापुरीचं बी असेल तर मूठभर द्या, दोन वर्षांच्या आतलं असलं तर फारच बरं. वेगळ्या वाफ्यात टाकीन, तुमच्या गावाच्या नावाची पाटी लावीन. जगलं तर जानेवारीत दुप्पट परत.