खणलेला किल्ला

दिवाळीची सुटी लागली की पुणे-सातारा-कोल्हापूरकडची मुले चिखलात हात घालतात. दगडविटांचा ढीग, त्यावर जुने पोते, पोत्यावर चिखलाचा थर आणि वर पेरलेले अळीव-मोहरी. चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते आणि अंगणात रायगड नाही तर प्रतापगड उभा राहतो. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे ही रीत तेवढी रुजलेली नव्हती. आमच्याकडे पाडव्याला दारापुढे शेणाचे पांडव मांडायचे, त्यांच्या डोक्यात झेंडू खोवायचा, एवढे ठाऊक. मातीचा किल्ला आला तो बहुधा सोलापूर-पुण्याच्या सोयरिकीतून. आता भालकी, हुमनाबाद, आळंदकडच्या मराठी घरांपुढेही तो दिसतो.

हा नुसता पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. प्रशियाच्या राजाला 1812 साली राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने एक मोठे टेबल करून दिले होते. त्यावर डोंगर-नद्यांचे ठोकळे हवे तसे मांडायचे आणि लुटुपुटूची लढाई खेळायची. पुढे एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर अख्खे पुस्तक लिहिले. आज तिकडे मोठी माणसे फासे टाकून असले खेळ खेळतात आणि त्यासाठी थर्मोकोलचे कडे, पडके बुरूज, जादूगारांचे मनोरे तासन्‌तास कोरत बसतात. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ही मंडळी आधी जागेची कथा ठरवतात. इथे कोण राहत होते, ही भिंत कशाने पडली, पाणी कुठून येत होते, हे आधी आणि सुरी नंतर. प्रत्येक वस्तू ते शिपायाच्या उंचीशी ताडून पाहतात. आमच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती वीतभर आणि दरवाजा त्यांच्या गुडघ्याएवढा. त्यात काही बिघडत नाही. भक्तीचे माप वेगळे असते.

मात्र आधी कथा हा नियम माझ्या डोक्यात बसला. काही वर्षांपूर्वी सुटीआधी मी मुलांपुढे विषय काढला, "यंदा शाळेच्या आवारात बीदरचा किल्ला करू या." मुले गप्प झाली. मग आठवीतल्या एकाने विचारले, "सर, हा किल्ला आपला का त्यांचा?"

सीमाभागात राहणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. 1956 साली आमचा बीदर जिल्हा चिरला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून पाटीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत प्रत्येक गोष्टीला आपण हेच विचारत आलो आहोत. मी त्याला उत्तर दिले नाही. म्हणालो, "आधी करू, मग ठरवू."

कामाला लागल्यावर पहिली अडचण उभी राहिली. गिरिदुर्ग करायला माती रचावी लागते, बीदर करायला ती खणावी लागते. अहमदशाह बहमनीने कलबुर्गीहून राजधानी हलवली ती जांभ्या दगडाच्या पठारावर. पठाराच्या कडेने किल्ल्याचा बराच बचाव आपोआप झाला. जिकडे सपाटी होती तिकडे कारागिरांनी तो जांभा कोरून तीन पदरी खंदक काढला आणि मधल्या दोन भिंती मूळ खडकाच्याच राखल्या. मुलांनी खुरप्याने तीन चर खणले. मधली भिंत दर वेळी ढासळायची. चौथ्या खेपेला ती उभी राहिली, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, त्या लोकांनी हे दगडात कसं केलं असेल?" इतिहासाच्या तासाला हा प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता.

मग पाण्याची कथा. जांभ्यातून पाणी झिरपते, खालच्या काळ्या खडकावर येऊन थबकते. तेच पाणी भुयारातून उताराने वाहते करायचे आणि वर ओळीने विहिरी ठेवायच्या, ही बीदरची करेज. शहराजवळ नौबादला ती आजही पाहता येते. मुलांनी जुना नळ पुरून वर ओळीने भोके पाडली, एका टोकाला तांब्या ओतला आणि दुसऱ्या टोकाला पाणी आले तेव्हा जो गलका झाला, तो फटाक्यांना भारी होता.

लढाईवाचून मुलांचा किल्ला पुरा होत नाही. तीही इथे आहे. 1657 साली औरंगजेबाने वेढा घातला तेव्हा दारूच्या साठ्याचा भडका उडून किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणांतिक जखमी झाला आणि किल्ला पडला. मुलांनी एक बुरूज कोळशाने काळा केला. काळ्या रंगावरून बिदरीची गोष्ट निघाली. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची नक्षी ठोकतात आणि नवसागर घातलेल्या, याच किल्ल्यातल्या मातीच्या पाण्याने ते भांडे काळे करतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच लखलखते. आपल्या पायाखालची माती एवढी गुणाची आहे, हे पोरांना नव्याने कळले. दोघे-तिघे तर ती हातात घेऊन निरखू लागले.

पालकांपैकी काहींना हे रुचले नाही. "दिवाळीत शिवरायांचा किल्ला सोडून बहमनी किल्ला? मराठी शाळेत?" असे एकाने माझ्या तोंडावर विचारले. त्यांच्या मनातली भीती मला कळते. मराठी शाळांचे वर्ग रोडावताना मी पाहतो आहे. अशा दिवसांत अंगणातला रायगड हा मुलाला आपली भाषा सांगण्याचा एक मार्ग असतो. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा आमच्या घरांतही पेढे वाटले गेले आणि ते योग्यच होते. त्या बारांतला जिंजी तमिळनाडूत आहे, तरी आपला आहे. मग उशाशी असलेला किल्ला परका कसा? बीदरजवळ अष्टूरला त्याच अहमदशाहाच्या उरुसाला लिंगायत जंगम मानाने येतो. तिथे आपला का त्यांचा, हे कोणी विचारत नाही.

तोडगा मुलांनीच काढला. पुढच्या वर्षी त्यांनी दोन किल्ले करायचे ठरवले, एक राजगड आणि एक बीदर. शेजारच्या कन्नड शाळेची चार पोरेही चिखलात उतरली. राजगडासाठी माती कुठून आणायची, असा प्रश्न पडला, तेव्हा तोच आठवीतला, आता नववीत गेलेला मुलगा म्हणाला, "आणायची कशाला? खंदकाची निघालीय की." आणि बीदरच्या खंदकातून उपसलेली तांबडी माती पाट्यांनी वाहून त्यांनी राजगडाची बालेकिल्ल्यापर्यंतची चढण रचली. अळीव दोन्हींकडे सारखेच उगवले.