पुतण्याची फटफटी

एकत्र कुटुंबांत कुणाचीही वस्तु त्या एकट्याची कधींच नसते. माझ्या पुतण्यानें स्वतःच्या पगारांतून एक जुनी डॉमिनार घ्यावयाची ठरविली, तेव्हां आमच्या पुण्याच्या घरांत आईपासून धाकट्या नातीपर्यंत सर्वांना त्याविषयीं मत असल्याचें आढळून आलें. वहिनींचें मत एका शब्दाचें होतें : "नको !"

त्यांची भीति पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. बजाजची ही फटफटी २०१६ सालीं निघाली ती लांबच्या प्रवासासाठींच. एंजिन ३७३ घनसेंटिमीटरचें, वजन १८० किलोंच्या वर. कोपऱ्यावरच्या भाजीसाठीं असलें वाहन कोणी घेत नाहीं. पण पोरगा सव्वीस वर्षांचा. त्याला कोंकण पाहावयाचें आहे. तेव्हां गाडी निदान नीट पारखून द्यावी म्हणून मी त्याच्याबरोबर ती पाहण्यास साताऱ्यास गेलों.

विकणारे गृहस्थ पाठदुखीनें बेजार झालेले, वृत्तीनें सरळ दिसले. गाडी आरशासारखी पुसलेली. मला पुसलेल्या गाडीपेक्षां धुळीची गाडी बरी वाटते. निदान तेलाची गळती लपत नाहीं. एंजिन आधीं तापवूं नका, असें फोनवर सांगून ठेविलें होतें. तें थंड होतें व पहिल्या बटणासरशीं सुरू झालें. लिव्हरचीं टोकें शाबूत, म्हणजे मोठें पडणें झालेलें नसावें. मागच्या टायरवर मात्र ‘२७१९’ असे चार आंकडे होते : २०१९ सालचा सत्ताविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर वयानें कडक होतें, आणि ओल्या घाटांत तें वयच घात करतें. चेनच्या मागच्या चक्राचे दांतेही एका बाजूस झुकलेले. या दोहोंचे पैसे वजा करण्यास गृहस्थ राजी झाले.

पुतण्या विसारासाठीं खिसा चाचपूं लागला, इतक्यांत मीं नोंदणीपत्र मागितलें. त्यावर बँकेचा बोजा तसाच होता.

"कर्ज केव्हांच फिटलें हो; कागद मागून पाठवितों," गृहस्थ म्हणाले.

"काका, एवढ्यासाठीं—" पुतण्या कुजबुजला.

एवढ्यासाठींच ! बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ यांवांचून बोजा उतरत नाहीं. मग २९ व ३० हे फॉर्म भरूनही गाडी नांवावर होण्याचें अडतें. आणि तोंपर्यंत गाडीनें कुणाला उडविलें, तर भरपाईसाठीं कायदा नोंदलेल्या मालकालाच धरतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं हें स्पष्ट केलें आहे. "म्हणजे गाडी याच्याकडे, अन् समन्स तुमच्या दारीं," असें मीं म्हणतांच आंतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या व "उद्यांच बँकेंत जा," असें त्यांनीं बजावलें.

दाखला मिळावयास तीन आठवडे लागले. पुतण्या माझ्याशीं दोन दिवस बोलला नाहीं. पुढें कागद झाले, विमा चौदा दिवसांच्या आंत नांवावर करून घेतला, टायर व चेन नवी बसविली. वहिनींनीं दोन अटी घातल्या : हेल्मेट चांगलें, आणि अंधार पडल्यावर घाट नाहीं. त्या स्वतः अजून मागें बसल्या नाहींत. आई मात्र नातवाला रोज विचारते, "पावसाआधीं मला एकदां पर्वतीपर्यंत नेशील का रे ?"