दोन टक्के

रविवार, रात्र. कोथरूडचा तो फ्लॅट आज दुसऱ्यांदा पाहिला. उतरताना मालकांनी जिन्यात हळूच सुचवलं, ‘एजंटला मध्ये कशाला? थेट बोलू या.’ ६० लाखांवर दोन टक्के दलाली, म्हणजे १,२०,००० रुपये. आमची सहा महिन्यांची बचत.

तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. हा एजंट जूनपासून भर पावसात आम्हाला घरं दाखवत फिरला. एका ठिकाणी भिंतीत ओल मुरलीय, हे त्यानेच नखाने रंग खरवडून दाखवलं. नाहीतर ते घर आम्ही घेऊन बसलो असतो. आता त्यालाच टाळायचं, हे मला जमणार नाही.

पण दलाली तो मालकांकडूनही घेणार. म्हणजे भावाच्या घासाघिशीत तो फक्त आमच्या बाजूचा नाही, हे धरूनच चालायला हवं. महारेराची एजंट-नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी असते. २५ वर्षांच्या जुन्या इमारतीतल्या रीसेलला तिचा फारसा आधार नाही. म्हणून कागद त्याच्यावर सोडणार नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आमचा वकील काढेल. इंडेक्स-२, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालकांच्या कर्जाबद्दल बँकेची एनओसी, सगळं मी स्वतः डोळ्यांखालून घालणार.

दलाली किती आणि केव्हा, हे उद्या लेखी ठरवायचं: अर्धी विसार देताना, अर्धी दस्त नोंदवल्यावर. हिलाही पटलं. मालकांना आत्ताच फोन केला. एजंट मध्ये राहील, असं सांगितलं.