पाण्यालगतचे उड्डाण

बेळगावहून सुट्टीत बालाघाटला घरी गेलो की मी वैनगंगेच्या काठी जाऊन बसतो. पाणकावळे पाण्याला पंख लागतील इतके खालून उडतात. पंख व पाणी यांच्यामध्ये हवा दाबली जाते, तीच भार पेलते. याच तत्त्वावर सोव्हिएत अभियंता अलेक्सेयेव्ह यांनी १९६६ साली कास्पियन समुद्रावर प्रचंड यान उडवले. १९८० मध्ये ते अपघातात बुडाले. मागाहून आलेले 'लून' सहा क्षेपणास्त्रे वाहून नेई. पण समुद्र खवळला की अशी याने लाचार!

बाबा म्हणतात, "बी.कॉम. झालास की दुकान सांभाळ." घराजवळ भार हलका होतो खरा, पण पाऊस फसला, उधारी थकली, की लाटही आधी तिथेच लागते. मुंबई गाठावी की दुकानात बसावे, हा ताळेबंद अजून जुळलेला नाही.