सैल दस्ता

१९६३ साली महाविद्यालयांतून एन. सी. सी. सक्तीची झाली. त्यानंतरच्या वर्षी आम्ही उज्जैनला शिकत होतो. चैत्राचे दिवस होते. माळव्याच्या कोरड्या हवेने दारे-खिडक्याही आकसतात. मग थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या लाकडाची काय कथा? आमच्या वाट्यास आलेल्या रायफलीचा दस्ता खांद्यास लावताच खुटखुटू लागे.

आमचे उस्ताद साताऱ्याकडील हवालदार. "दस्ता हलला तर मला सांगा, स्वतः हात लावू नका," अशी त्यांची ताकीद होती. परंतु ते काम आम्ही एकदा दुरून पाहिले होते. दस्त्याच्या टोकाचे पितळी दार उघडावयाचे, आतील तेलाची बाटली, दोरी व चामड्याची चकती काढावयाची आणि लांब स्क्रूड्रायव्हरने खोलवरचा बोल्ट आवळावयाचा. एवढेच ना! एके दिवशी कोणी नाही असे पाहून आम्ही जोर लावला. अर्धा फेरा झाला आणि 'कट्' असा आवाज आला. पुढील लाकडास चीर गेली होती. आम्ही रायफल मुकाट्याने जागी ठेवली.

ती सायंकाळ क्षिप्रेच्या घाटावर गेली, पण मन थाऱ्यावर नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो, तीच रायफल वापरणारा दुसऱ्या तुकडीतील मुलगा उस्तादांपुढे मान खाली घालून उभा! क्षणभर पाय जड झाले. मग पुढे होऊन आम्ही सारे सांगितले.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी आधी आम्हांस त्या मुलाची क्षमा मागावयास लाविली, आणि मग पुढील लाकूड उतरवून दाखविले. बोल्टचे टोक चौकोनी असून ते त्या लाकडातील लोखंडी पट्टीत बसते. लाकूड न काढता बोल्ट फिरविला, की पट्टीही फिरू पाहते आणि लाकूड फाटते. "आधी पुढचे सोडवा, मग मागचे आवळा," ते म्हणाले. त्यानंतर मैदानास दहा फेऱ्या झाल्या, हे सांगणे नलगे!

वाचकहो, आज आमच्या घरी नातवंडे आहेत. त्यांच्या वागण्यात काही सैल दिसले, की आमचा हात अजूनही शिवशिवतो. परंतु आवळण्यापूर्वी दुसरे टोक कोठे गुंतले आहे, हे आम्ही आता विचारून घेतो.