नाण्याच्या अक्षरांतले कुंकू

गोव्यातल्या हिंदूंच्या जुन्या घरांत पोर्तुगीज नाणी बहुधा दोन ठिकाणी सापडतात. एक आजोबांची ट्रंक आणि दुसरे देवघर. ट्रंकेतल्या नाण्यांची कुणाला आठवण नसते. देवघरातल्या नाण्याला मात्र वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आंघोळ, हळदकुंकू आणि फूल मिळते. ज्या राजवटीने ते पाडले तिला आपल्या रुपयाचे पुढे असे काही होईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आमच्या घरी असे चांदीचे पाच रुपये आहेत. एक १८८२ चा, दोन १९१२ चे, एक १९३५ चा आणि एक १९४७ चा. शिवाय तांब्याचे काही तंगा आणि १९५९ चे सहा एस्कुदोचे एक नाणे. जुन्या घराची वाटणी ठरली तेव्हा भांडीकुंडी, पाट, समया यांच्याबरोबर या नाण्यांचाही विषय निघाला. दादाचे म्हणणे सरळ होते. पाच रुपये म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम. तिघांत वाटून काय करणार? सोनाराकडे आटवून देवाला एक निरांजन करूया, म्हणजे देवाचे ते देवाकडेच राहील. त्यात वावगे काहीच नव्हते. आपल्याकडे मोडीत गेलेली चांदी अशीच नव्या रूपात देवघरात परत येते. मी फक्त आठ दिवस मागून घेतले. म्हटले, आटवण्याआधी त्यांचे फोटो तरी काढतो.

या नाण्यांत गोव्याचा बराच इतिहास दडला आहे. १८८२ च्या रुपयावर राजा लुईश पहिला आहे, पण तो पाडला गेला कलकत्त्याच्या टांकसाळीत. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर इथला रुपया ब्रिटिश रुपयाच्या मापाचा झाला, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तिकडे रुपयाला १६ आणे तसे इकडे १६ तंगा. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली आणि १९१२ च्या रुपयावर राजाच्या जागी गणराज्याची प्रतिमा म्हणून एका स्त्रीचे मुख आले. १९३५ चा रुपया चांगल्या चांदीचा, पण १९४७ च्या रुपयात चांदी निम्मीच उरली आणि १९५२ च्या रुपयात तर ती अजिबात नाही, नुसते तांबे आणि निकेल. पुढे रुपया जाऊन एस्कुदो आला. एका रुपयाला सहा एस्कुदो असा हिशेब, म्हणून नाणीसुद्धा तीन आणि सहा एस्कुदोची. आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर तीही इतिहासजमा झाली.

आता त्या यंत्राविषयी. यूएसबी मायक्रोस्कोप हे नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी असते. आकार लहान टॉर्चएवढा, तोंडाशी आठ पांढरे दिवे गोल बसवलेले, मध्ये भिंग, आत वेबकॅममध्ये असतो तसाच सेन्सर. वायर संगणकाला जोडली की संगणक त्याला कॅमेराच समजतो आणि नाणे पडद्यावर येते. खोक्यावर '१००० पट' असे छापलेले असते, त्याला फारसा अर्थ नाही. तेच चित्र मोठ्या पडद्यावर मोठे दिसते आणि छोट्यावर छोटे. म्हणून मी एक पारदर्शक मोजपट्टी घेतली आणि नाण्याच्या जागी, त्याच उंचीवर ठेवून तिचाही फोटो काढला. एक मिलिमीटर म्हणजे किती पिक्सेल हे एकदा कळले की पटींची गरज राहत नाही.

खरी कसोटी उजेडाची. यंत्राचे आठ दिवे नाण्यावर सरळ वरून पडतात. तांब्यावर ते चालून जाते, पण चांदीवर आठ पांढरे ठिपके चमकतात आणि बाकीचे नाणे सपाट दिसते. मी ते दिवे पार मंद केले आणि टेबललॅम्प डावीकडून, अगदी खाली कलता ठेवला. मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला. संध्याकाळी उन्हं कलली की शेताचे बांध जसे उठून दिसतात तसे त्या रुपयावरचे अक्षर न् अक्षर वर आले. उजेड मात्र डावीकडून वरूनच हवा. खालच्या बाजूने आला तर डोळा फसतो आणि उठावाची अक्षरे खोदल्यासारखी वाटू लागतात.

अख्खा रुपया एका चित्रात हवा तर यंत्र वर उचलायचे. जवळ नेले की एकेक अक्षर पडदा व्यापते, पण मग उंचवटा स्पष्ट दिसला तर खळगा धूसर होतो. त्यामुळे फोकसचे चाक थोडेथोडे फिरवत एकाच जागेचे चार-पाच फोटो घ्यावे लागतात. हाताचा कंप चालत नाही, टेबलावरचा पंखा चालत नाही, आणि शेजारच्या खोलीत कुणी मिक्सर लावला तर तोही चालत नाही!

पाच रुपयांत १९१२ चे दोन होते हे माझे भाग्य. त्यांपैकी एक ट्रंकेतला आणि एक देवघरातला. आजी देवघरातल्याला 'राणीचा रुपया' म्हणायची. राजाचा, ढालीचा, सगळे बाजूला ठेवून घरातल्या बायकांनी लक्ष्मी म्हणून नेमका हाच निवडला होता, कारण त्याच्यावर बाईमाणसाचा चेहरा होता. लिस्बनच्या गणराज्याची देवता आमच्या देवघरात पाटावर बसली ती अशी.

साध्या डोळ्यांना दोन्ही रुपये सारखेच जुने दिसतात. पडद्यावर ते दोन वेगळ्या माणसांसारखे दिसले. ट्रंकेतल्या रुपयाच्या कडेला बारीक टोचे होते आणि गाल, केस असे उंचवटे गुळगुळीत झाले होते. हा रुपया बाजारात फिरलेला, गल्ल्यात पडलेला, मोजताना आपटलेला. त्याचा सपाट भाग मात्र बराचसा शाबूत होता. देवघरातल्या रुपयाची कड जवळजवळ अखंड होती, पण चेहरा, सपाट भाग, अक्षरांच्या मधली जागा, सगळीकडे केसाहून बारीक ओरखड्यांचे जाळे पसरलेले. हे ओरखडे रांगोळीचे. दर दिवाळीला चांदी रांगोळीने घासायची ही आपली रीत, आणि रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. काट्यावर ठेवला तर ट्रंकेतल्यापेक्षा हा पाव ग्रॅम हलका भरला. व्यवहारात न पडलेला रुपया अधिक झिजला होता, आणि झिजला होता तो भक्तीने.

मग मी अक्षरांजवळ गेलो. 'रेपुब्लिका' या शब्दातल्या अक्षरांच्या कोनांत, जिथे कापड किंवा बोट पोहोचत नाही तिथे, लाल कण होते. काही गडद, जवळजवळ काळे पडलेले, काही त्यामानाने ताजे. केसांच्या वळणात एक पिवळट रेघ होती, हळदीची असावी. इतक्या वर्षांच्या घासण्यातून आणि धुण्यातून एवढेच कुंकू वाचले होते.

आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, तरी बारीक वस्तू तिला नीट दिसत नाहीत. ती नाणे हातात घेते ते चाचपण्यापुरतेच. तिला संगणकासमोर बसवले. रुपया जेवणाच्या ताटाएवढा झाला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पडद्यावरच्या लाल कणांकडे बोट करून म्हणाली, "हें म्हज्या मांयचें कुंकूं." मांय म्हणजे तिची सासू, माझी आजी. काळे पडलेले कण आजीचे आणि ताजे आपले, असे तिने स्वतःच ठरवून टाकले. शास्त्राला ते सिद्ध करता येणार नाही, पण त्या घरात त्या रुपयाला कुंकू लावणाऱ्या बायका ज्या क्रमाने झाल्या तो क्रम तिला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक आहे.

दादाही मागे उभा होता. तो म्हणाला, "मग हा एक राहू दे." तेवढ्यावर विषय मिटला. बाकीच्या चारांपैकी दोन त्याच्याकडे गेले, दोन ताईकडे. त्यांचे पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. उद्या त्यांचे निरांजन झाले तरी दोन्ही बाजू, कड, वजन आणि मिलिमीटरमधला व्यास असे सगळे माझ्या संगणकावर आहे आणि त्याची एकेक प्रत तिघांकडेही आहे. राणीचा रुपया आईच्या देवघरात आहे. गेल्या दिवाळीला तो पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपला, घासला नाही. थोडा काळपट दिसतो, पण लक्ष्मीने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पुतण्या मला म्हणतो, "काका, आता फोनमध्येच मॅक्रो असतो, हे यंत्र कशाला?" त्याचे खरे आहे. फोनने काढलेला चांगला फोटोसुद्धा न काढलेल्या फोटोपेक्षा शंभर पटींनी बरा. पण टेबलाभोवती तीन पिढ्या बसून एकाच पडद्यावर एकच रुपया पाहतात, "जरा उजवीकडे घे" म्हणतात, ती मजा फोनमध्ये नाही.

वाचकांना एकच विनंती. तुमच्याही देवघरात किंवा पेटीत तंगा असेल, रुपया असेल. त्याला चिंच, सोलं, रांगोळी, पितळेची पावडर काही लावू नका. कडेने धरा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत त्याचा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा आणि त्यावर हे नाणे कुणाचे, कुठून आले, तेवढे लिहा. कुठल्या साली पाडले हे नाणेच सांगते, पण घरात त्याला कोण काय म्हणत असे ते सांगणारी माणसे आज आहेत. त्यांना एकदा पडद्यासमोर बसवा.