इतिहास विभागाला भट्टी कशाला?

तोफांविषयीच्या या धाग्यात आज थोडे स्वतःचे सांगतो.

मी करमाळ्याचा. शाळेची सहल शेजारच्या परांडा किल्ल्यावर जाई आणि गुरुजी सांगत, मुलूख-मैदान तोफ एकेकाळी येथे होती. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरला ओतली. परांड्याहून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. वजन सुमारे ५५ टन. तेव्हा मला ती ओढणाऱ्या बैलांचेच नवल वाटे. एवढा धातू वितळवला कसा, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात आल्यावर पडला.

एकोणिसाव्या शतकातील पृथक्करणात तिच्यात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील आढळले. हे प्रमाण घंटेचे. युरोपातले ओतारी तोफेसाठी कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवीत. ते वाढले की धातू कठीण होतो, पण ठिसूळही. मग रूमीने असे का केले? की थंड होताना कथील पृष्ठभागाकडे सरकले आणि नमुना नेमका तेथूनच घेतला गेला? दोन्ही मिश्रणे स्वतः ओतून पाहावीत, असे मी ठरवले.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील बंद विद्युतभट्टीत धातू तापतो, पण ढवळता-ओतता येत नाही. म्हणून अर्ज केला: दोन किलोची इंडक्शन भट्टी, ग्रॅफाइटच्या मुशी, लांब सांडशी. खरेदी समितीने विचारले, इतिहास विभागाला भट्टी कशाला? प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल मी एक भागाकार मांडला: या भट्टीने ती तोफ ओतायची तर साडेसत्तावीस हजार खेपा लागतील, आणि आधीची खेप गोठण्यापूर्वी पुढची पडायला हवी. म्हणजे रूमीपाशी एकाच वेळी तोंड उघडणाऱ्या अनेक मोठ्या भट्ट्या असणार, आणि त्या सांभाळणारी माणसेही. बखरींत ही माणसे सापडत नाहीत. भट्टीपाशी उभे राहिल्यावर मात्र ती दिसू लागतात.

तीन दरपत्रके, सात महिने, आणि अखेर एक जुनी भट्टी आली. पहिलीच मूस तडकली. करमाळ्यातील एका वृद्ध ओतारी आजोबांना सांगितले तर ते हसले. “बाळा, मूस आधी शेकायची असते. दमट मूस कोणी आगीत घालतं का?”

दहा टक्क्यांची लगड झाली आहे. वीस टक्क्यांची पुढच्या आठवड्यात; मूस सध्या गच्चीवर उन्हात आहे.